सांध्यातील गज

काँक्रीटच्या रस्त्यावरून मोटार धावू लागली की चाकांखालून ठरावीक अंतराने एक बारीक ठेका ऐकू येतो. रस्ता चांगला असेल तर तो ठेका कानांनाच काय तो कळतो; बिघडलेला असेल तर पाठीच्या मणक्यालाही कळतो. हा फरक कशामुळे पडतो याचा शोध घेत गेले असता आपण शेवटी मनगटाहूनही बारीक अशा काही लोखंडी गजांपाशी येऊन पोहोचतो. रस्ता बांधून झाल्यावर ते गज कोणालाही दिसत नाहीत. इंजिनियर लोक त्यांना डॉवेल बार म्हणतात.

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी एखाद्या उपयुक्त शास्त्रीय विषयावर लिहावयास सांगितले, तेव्हा आम्ही हा विषय मुद्दाम निवडला. ट्रस्टच्या कुटुंबांतील कित्येक मुले आज डिप्लोमा वा डिग्रीच्या वर्गात स्थापत्यशास्त्र शिकत आहेत, काही रस्त्यांच्या कामांवर आहेत, आणि उरलेले आपण सारे त्याच रस्त्यांवरून लग्नकार्यास, दवाखान्यास, नोकरीस जात-येत असतो. शिवाय या गजांचे माप कसे ठरले ही हकीकत आम्हांस गणिताच्या शिक्षकाच्या दृष्टीने फार बोधक वाटते. एवढ्याशा लोखंडाचे योग्य माप ठरावयास जवळजवळ चाळीस वर्षे लागली, आणि ती का लागली हे समजण्याजोगे आहे.

प्रथम सांधा कशासाठी ते पाहू. नवाकोरा काँक्रीटचा रस्ता ओतून काही तास होतात न होतात तोच यंत्राची करवत आणून त्याला आडव्या चिरा पाडतात, हे पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते. परंतु काँक्रीट वाळताना आकसते, रात्री थंडावताना आकसते, दुपारी तापले की फुगते. साडेचार मीटर लांबीचा स्लॅब घेतला आणि तापमानात ३० अंशांचा फरक पडला, तर त्याच्या लांबीत सुमारे सव्वा ते दीड मिलिमीटर फरक पडतो. जमिनीशी घासत असल्याने त्याला मोकळेपणाने सरकता येत नाही, आणि ताण सोसण्याची काँक्रीटची शक्ती मुळातच कमी. तेव्हा रस्ता फुटणारच. मग तो आपण सांगू तेथे आणि सरळ रेषेत फुटावा, एवढीच व्यवस्था करावयाची असते. स्लॅबच्या जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत चीर पाडली की पुढची भेग निसर्ग आपणहून खालपर्यंत नेतो.

फुटण्याचा प्रश्न असा सुटला. पण दुसरा उभा राहिला. अखंड स्लॅबच्या मध्यावर चाक आले तर भार चहूकडे पसरतो. तेच चाक सांध्याच्या काठावर आले की एकट्या काठाला सारे सोसावे लागते. काठ किंचित लवतो, पलीकडचा स्लॅब मात्र जागच्या जागी राहतो, आणि पुढच्याच क्षणी चाक त्या दुसऱ्या काठावर आदळते. सांध्यातून पाणी खाली उतरलेले असेल तर याहून वाईट घडते. पहिला स्लॅब दबताना खालचे पाणी हळूहळू पुढे, दुसऱ्या स्लॅबखाली ढकलले जाते. मग चाक दुसऱ्या स्लॅबवर चढते आणि तो एकदम दबल्यामुळे तेच पाणी जोराने मागे फेकले जाते. जाताना ते बारीक माती आपल्याबरोबर ओढून नेते. माती पहिल्या स्लॅबखाली साठते, दुसऱ्याखाली पोकळी होते. असे लाखो वेळा झाले म्हणजे अलीकडचा काठ वर, पलीकडचा खाली अशी पायरी तयार होते, आणि पोकळीवर अधांतरी राहिलेला कोपरा एके दिवशी मोडतो. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अवजड मालमोटारींची रीघ लागली, तेव्हा सांध्यांतून चिखलाच्या पिचकाऱ्या उडताना दिसू लागल्या आणि या व्याधीकडे सर्वांचे लक्ष गेले.

भेगेच्या दोन्ही बाजू खडबडीत असतात. त्यांतील खडी एकमेकींत अडकून काही भार पलीकडे नेते, पण भेग मिटलेली असेल तोवरच. ती मिलिमीटरभर उघडली की खडीची मिठी सुटते, आणि थंडीत ती तेवढी उघडतेच. म्हणून सांध्याच्या आरपार, स्लॅबच्या साधारण मध्यावर, रस्त्याच्या लांबीला समांतर असे गुळगुळीत गोल गज ठेवतात. त्यांचे एक टोक एका स्लॅबमध्ये घट्ट बसते. दुसरे टोक दुसऱ्या स्लॅबमध्ये असते, पण त्याला काँक्रीट चिकटू दिलेले नसते. म्हणजे स्लॅबला पुढेमागे सरकता येते, पण वरखाली होता येत नाही. एकाने वजन घेतले की शेजाऱ्याने निम्मे उचलावे, आणि तरी एकमेकांना जखडून ठेवू नये, असे दुहेरी काम या गजाला करावयाचे असते. (रस्त्याच्या लांबीच्या सांध्यात ज्या खाचेदार सळ्या घालतात त्या वेगळ्या. त्यांना टाय बार म्हणतात आणि त्यांचे काम धरून ठेवण्याचे असते. कामावरचे नवखे लोक या दोहोंची गल्लत करतात.)

आता मापाकडे वळू. अमेरिकेत पहिला काँक्रीटचा रस्ता ओहायो राज्यातील बेलफाऊंटन गावी १८९१ साली झाला. गज मात्र त्यानंतर पाव शतकाने आले. १९१७-१८ च्या हिवाळ्यात, पहिले महायुद्ध चालू असताना, व्हर्जिनिया राज्यात न्यूपोर्ट न्यूज जवळच्या दोन लष्करी छावण्यांना जोडणारा रस्ता बांधण्यात आला. त्याच्या २० फूट रुंदीत पाऊण इंच जाडीचे चार गज घालण्यात आले होते. चारच का आणि पाऊणच इंच का, याला कोणत्याही सिद्धांताचा आधार नव्हता. जवळ होते ते घातले, आणि बरे चालले.

मग जो तो आपल्या मनाप्रमाणे करू लागला. १९३० च्या सुमारास अमेरिकेतील जवळजवळ निम्म्या राज्यांनी सांध्यात गज घालणे सक्तीचे केले होते. पण कोठे अर्धा इंच जाडीचे व ४ फूट लांबीचे दोन गज, कोठे पाच-अष्टमांश इंचाचे तेवढेच लांब चार, तर कोठे पाऊण इंचाचे २ फुटी आठ! एका राज्याच्या सीमेवरून पलीकडे गेले की सांध्यातील लोखंडही बदलत असे, जमीन आणि मालमोटारी मात्र त्याच.

येथे वाचक म्हणेल, की मग चार लोक एका टेबलाभोवती बसवून एक माप ठरवून टाकावयाचे, त्यात काय मोठेसे? आणि असे करण्याची त्या देशात सवयही होती. १९२१ साली हर्बर्ट हूव्हर (जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले) व्यापारमंत्री असताना त्यांच्या खात्याने मालाचे अनावश्यक प्रकार कमी करण्याची मोठी मोहीम काढली. तिचा पहिला मान रस्त्यावर बसविण्याच्या विटांना मिळाला. त्या विटांचे ६६ प्रकार बाजारात होते; कारखानदार आणि गिऱ्हाईक एकत्र बसले आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ठेवून बाकीचे रद्द झाले. विटेच्या बाबतीत हे शक्य होते, कारण त्या ६६ प्रकारांतील बरेचसे केवळ सवयीचे होते. कोणताही एक निवडला तरी रस्ता बिघडणार नव्हता.

गजाचे तसे नव्हते. तेथे बहुमताने चुकीचे माप ठरले असते तर चूकच देशभर सारखी झाली असती. आमच्या मते या साऱ्या हकीकतीतील मुख्य गोष्ट हीच आहे. प्रमाण ठरविण्याआधी ती वस्तू नेमकी कोठे हार खाते हे कळावे लागते, आणि गज कोठे हार खातो हे १९३० साली नीटसे कोणालाच ठाऊक नव्हते. सर्वसाधारण समजूत अशी, की गज वाकेल किंवा तुटेल. म्हणून तो लांब असावा. चार-चार फुटी गजांचे मूळ या समजुतीत होते. प्रत्यक्षात गज क्वचितच तुटतो.

घरातले उदाहरण घ्या. भिंतीत एक बारीक खिळा ठोकून त्यावर पुस्तकांनी भरलेली पिशवी रोज अडकवली, तर काही महिन्यांनी काय होते? खिळा मोडत नाही. खिळ्याभोवतीचा गिलावा चुरतो, भोक अंड्यासारखे लांबट होते, आणि खिळा त्यात खुळखुळू लागतो. खिळा आणखी लांब घेऊन फायदा नाही, कारण जोर सगळा भिंतीच्या तोंडाशीच येतो. जाड खिळा घेतला मात्र तर तेच वजन अधिक रुंद जागेवर पडते आणि गिलावा टिकतो. सांध्यातील गजाचे नेमके असेच आहे. चाक येते, गज खालच्या काँक्रीटवर दाबला जातो, आणि हा दाब सांध्याच्या तोंडाशी सर्वांत अधिक असतो. तो प्रमाणाबाहेर गेला की काँक्रीटची पूड होऊ लागते. मग केसाएवढी फट पडते आणि ती फट भरून निघेपर्यंत गज भारच उचलीत नाही. पोलाद अजून नव्यासारखे असते, आणि सांधा मात्र कामातून गेलेला असतो.

हे गणिताने मांडण्यास तीन-चार मोठ्या माणसांचे श्रम लागले. डेन्मार्कमध्ये जन्मलेले आणि इलिनॉय विद्यापीठात शिकविणारे वेस्टरगार्ड यांनी १९२८ साली गजांमधील अंतराचा विचार करून दाखविले, की चाकापासून दूरचे गज फारसे काही करीत नाहीत. जवळचे मोजकेच भार घेतात. १९३२ साली ब्रॅडबरी यांनी आणि १९३८ व १९४० साली बेंग्ट फ्रीबर्ग यांनी गज म्हणजे असंख्य बारीक स्प्रिंगांवर निजविलेली तुळई आहे असे मानून सांध्याच्या तोंडाशी काँक्रीटवर किती दाब येतो याचे सूत्र बसविले. तुळईचे हे गणित तिमोशेंको यांच्या मांडणीवर आधारलेले होते. फ्रीबर्ग यांच्या सूत्रातून निघणारा एक हिशेब आम्ही वरच्या वर्गातील मुलांना घालतो : सांधा अरुंद आहे आणि गजावरचा भार तोच आहे असे धरले, आणि गजाची जाडी पाऊण इंचावरून दीड इंच केली, तर काँक्रीटवरचा दाब किती होईल? मुले बहुधा निम्मा सांगतात. उत्तर निम्मे नाही. एक तृतीयांशाहूनही कमी आहे. कारण जाड गज रुंद तर असतोच, शिवाय तो कमी लवतो, म्हणून दाब तोंडाशी न साचता आतवर वाटला जातो.

सूत्र झाले तरी खात्री प्रयोगावाचून नाही. अमेरिकेच्या सार्वजनिक रस्ते खात्यातील टेलर आणि सदरलँड यांनी १९३० नंतरच्या दशकात व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथे खऱ्या स्लॅबवर मोजमापे घेतली. नंतर टेलर आणि कॅशेल यांनी प्रयोगशाळेत गज घातलेल्या सांध्यावर यंत्राने पुनःपुन्हा, लाखो वेळा, भार टाकून पाहिला आणि १९५८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोवर, १९५६ साली, अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या समितीने शिफारस केली होती ती अशी : गजाची जाडी स्लॅबच्या जाडीच्या सुमारे एक अष्टमांश, लांबी १८ इंच, आणि दोन गजांमध्ये अंतर १२ इंच. टेलर-कॅशेल यांच्या प्रयोगांनी तिला पाठबळ दिले. एक इंच व त्याहून जाड गज प्रत्येक बाजूस आपल्या जाडीच्या सहापट आत गेला म्हणजे पुरे, असे त्यांना आढळले. सव्वा इंचाच्या गजास हे दोन्ही बाजू मिळून १५ इंच होतात. करवतीची चीर थोडी पुढेमागे पडली तरी चालावे म्हणून तीन इंच जादा धरले, की १८ इंच झाले. चार फुटी गजातले निम्म्याहून अधिक लोखंड इतकी वर्षे नुसतेच पुरले जात होते!

पुढे १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यातील ऑटावा गावाजवळ एक प्रचंड प्रयोग झाला. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून लष्कराचे चालक रात्रंदिवस मालमोटारी फिरवीत होते. आसांच्या अकरा लाखांवर फेऱ्या झाल्या. काँक्रीटच्या सर्व भागांतील आडव्या सांध्यांत त्याच अष्टमांशाच्या हिशेबाने गज होते. कित्येक स्लॅब पाण्याच्या पिचकाऱ्यांनी खिळखिळे झाले, भेगांपाशी कोठे कोठे पायऱ्याही पडल्या. पण आडव्या सांध्यांपाशी पायरी पडली नाही. हा निकाल इतका स्पष्ट होता, की त्यानंतर 'गज हवेत कशाला' हा वाद अवजड वाहतुकीच्या रस्त्यांपुरता तरी मिटावयास हवा होता. तो पूर्ण मिटला नाही. कॅलिफोर्निया राज्याने कितीतरी वर्षे आडवे गज न घालता केवळ खालचा थर सिमेंटने पक्का करून आणि स्लॅब आखूड ठेवून भागविले, आणि पायऱ्यांचा अनुभव घेऊन विसाव्या शतकाच्या अखेरीस ते राज्यही गजांकडे वळले.

आपल्या देशात रस्त्यांचे नियम इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४ साली स्थापन झालेली संस्था ठरविते. काँक्रीटच्या रस्त्यांच्या रचनेची तिची मार्गदर्शिका प्रथम १९७४ साली निघाली आणि पुढे वेळोवेळी सुधारली गेली. २०१५ च्या आवृत्तीतील तक्ता पाहावा : २०० मिलिमीटर स्लॅबला २५ मिलिमीटरचा गज, २५० ला ३२ चा, ३०० ला ३८ चा, आणि अंतर सर्वत्र ३०० मिलिमीटर. आठाने भागून पाहा, तो अष्टमांश ताबडतोब दिसेल. आणखी एक गंमत दिसेल. २५ म्हणजे एक इंच, ३२ म्हणजे सव्वा इंच, ३८ म्हणजे दीड इंच, ३०० म्हणजे एक फूट. आपण १९५८ पासून दशमान पद्धत स्वीकारली, इंच-फूट शाळेच्या पुस्तकांतून गेले, पण रस्त्याच्या पोटात ते अजून आहेत.

या ३८ मिलिमीटरच्या आकड्यापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडील खरी अडचण येथे सुरू होते. घरबांधणीच्या खाचेदार सळ्यांच्या प्रमाण मापांत ३२, ३६ आणि ४० आहेत; ३८ नाही. ३८ चा साधा गुळगुळीत गज मुद्दाम मागवावा लागतो. एका मार्गिकेच्या एका किलोमीटरला साडेचार मीटरच्या हिशेबाने सव्वादोनशेच्या आसपास सांधे, प्रत्येकात अकरा-बारा गज, म्हणजे सुमारे अडीच हजार गज लागतात. प्रत्येकी अर्धा मीटर लांबीचे धरले तर त्यांचे वजन अकरा टनांपर्यंत जाते. अशा वेळी ३८ च्या जागी ३२ चे गज वापरण्याचा मोह होतो. सहा मिलिमीटरचा फरक डोळ्यांना चटकन दिसत नाही, आणि लोखंड मात्र शेकडा २९ वाचते. त्या बदल्यात काँक्रीटवरचा दाब शेकडा ३५ वाढतो. आणि गुदामात पडलेल्या खाचेदार सळ्याच तोडून घातल्या तर दुहेरी अनर्थ. खाचांमुळे काँक्रीट त्यांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवते, सांधा उघडतच नाही, आणि थंडीत स्लॅब दुसरीकडेच कोठेतरी फुटतो. मग दोष सिमेंटला लागतो.

मापाचा तक्ता बरोबर पाळला तरी काम संपत नाही. सर्व गज एकमेकांस आणि रस्त्यास अगदी समांतर असावे लागतात. तीनशे मिलिमीटरमागे दोन-तीन मिलिमीटरहून अधिक तिरपेपणा खपत नाही. टेबलाचा खण एका बाजूस जरा तिरपा बसला की कसा अडतो हे सर्वांनी अनुभविले आहे. बारा गज बारा दिशांना तोंड करून बसले तर सांध्याला कुलूपच लागते. म्हणून गज आधी तारेच्या चौकटीत बसवून (कामावर तिला केज म्हणतात) ती चौकट खालच्या थरावर खिळवून टाकतात, किंवा ओतणारे यंत्रच ओल्या काँक्रीटमध्ये गज दाबून बसविते. गजाचे मोकळे टोक करवतीने कापलेले असावे. कातरीने तोडले तर कडेला कोर राहते आणि तीच काँक्रीटमध्ये अडकते. त्या टोकावर प्लॅस्टिकची पातळ नळी घट्ट बसवितात, म्हणजे काँक्रीट चिकटत नाही. ही नळी जाड वा सैल असेल तर मात्र आपण पहिल्याच दिवशी खिळ्याभोवतीचे भोक मोठे करून ठेवले असे होते. पुलाजवळच्या प्रसरण सांध्यात तर टोकावर स्पंज घातलेली टोपीही लागते. ती विसरली तर उन्हाळ्यात गजाला पुढे सरकावयास जागाच राहत नाही.

आणि गंज. तो नेमका सांध्याच्या तोंडाशी धरतो, कारण पाणी तेथूनच येते. गंजाने गज फुगतो व अडकतो, आणि काही वर्षांनी भर कामाच्या जागीच झिजून बारीक होतो. अमेरिकेत थंडीत बर्फ वितळविण्यास मीठ टाकतात, त्यामुळे तेथे १९७० नंतरच्या काळात गजांवर इपॉक्सीचा लेप देण्याची रीत सर्वत्र पडली. आपल्याकडे मीठ नाही, पण कोकणपट्टीचा पाऊस आणि खारा वारा काही कमी नाही.

ओतकाम झाल्यावर हे सारे झाकले जाते. आता स्लॅबवरून फिरवून चुंबकीय पद्धतीने आतल्या गजांची जागा आणि तिरपेपणा दाखविणारी यंत्रे निघाली आहेत, परंतु ती दोष दाखवितात, दुरुस्त करीत नाहीत. केज खिळवून झाली आहे आणि काँक्रीटची गाडी अजून यावयाची आहे, एवढाच वेळ खऱ्या तपासणीचा. त्या वेळी ज्याच्या हातात गज मोजण्याचे कॅलिपर आणि एक साधी पट्टी असते, त्याच्या सहीची किंमत पुढच्या तीस वर्षांच्या दुरुस्तीइतकी असते. आपल्या मुलांपैकी जी या कामात पडतील त्यांनी ती सही तंबूत बसून करू नये. जेवणाच्या सुट्टीनंतर केजवर कोणी पाय देऊन गेले असेल, तर तेही याच वेळी दिसते.

माप ठरले, तरी एकसारखेपणा लगेच आला असे समजू नये. अमेरिकेत पुढेही प्रत्येक राज्याची केज वेगळी राहिली. कोठे तार वेगळी, कोठे उंची पाव इंचाने कमीजास्त, कोठे कडेच्या गजाचे अंतर निराळे. कारखान्याला माल आधी बनवून ठेवता येईना आणि किंमत विनाकारण वाढे. अखेर आयोवा स्टेट विद्यापीठातील काँक्रीट रस्त्यांच्या राष्ट्रीय केंद्राने २०११ साली यासंबंधी शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांत जाडीचे मोजके प्रकार ठेवून प्रत्येक जाडीला केजची एकच उंची नेमून देण्यात आली. हे करता आले याचे कारण, गज अगदी मध्यावर नसून थोडा वरखाली असला तरी काम बिघडत नाही हे तोवर प्रयोगांनी कळले होते. त्यामुळे एकच केज निरनिराळ्या जाडीच्या स्लॅबला चालते. मात्र लांबीचे १८ इंच त्यांनी तसेच राहू दिले. याहून आखूड गजही भार नेतो हे सिद्ध झाले असले, तरी करवत चुकण्याची सोय कोणी सोडावयास तयार नाही, आणि आम्हांसही ते शहाणपणाचे वाटते.

आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला तेव्हापासून सामान्य प्रवाशाला काँक्रीटच्या महामार्गाची ओळख झाली. साडेचार मीटरचे स्लॅब आणि ताशी ८० किलोमीटरचा वेग धरला तर चाक सेकंदाला पाच सांधे ओलांडते. ज्या सांध्यात पायरी पडली असेल तेथे ती दर वेळी गाडीला, गाडीतील मालाला आणि आजारी माणूस नेला जात असेल तर त्यालाही सोसावी लागते. अशा रस्त्याला नंतर गज घालता येतात. प्रत्येक चाकोरीत सांध्याच्या आरपार तीन-चार खाचा कापावयाच्या, त्यांत टोप्या घातलेले गज ठेवावयाचे, लवकर घट्ट होणारा मसाला भरावयाचा, आणि मग हिऱ्याच्या पात्यांनी रस्ता घासून पायरी काढून टाकावयाची. अमेरिकेत हजारो सांधे असे दुरुस्त झाले आहेत. पहिल्याच वेळी घातलेल्या गजाच्या मानाने हा खर्च कितीतरी पटींनी अधिक पडतो.

या दुरुस्तीतून एक नवा विचार पुढे आला. चाकोरीपुरते गज घालून सांधा चांगला चालत असेल, तर नव्या रस्त्यातही मध्ये आणि चाकांच्या आड एवढे गज कशाला? जर्मनीत हा हिशेब पूर्वीच केलेला आहे. तेथे २५ मिलिमीटर जाडीचे, अर्धा मीटर लांबीचे, प्लॅस्टिकचा लेप दिलेले गज वापरतात. जड गाड्यांच्या चाकोरीत ते पाव-पाव मीटरवर असतात आणि इतरत्र विरळ. दुसरीकडे गंजाला उपाय म्हणून काचतंतूंचे गज करून पाहिले जात आहेत. ते गंजत नाहीत, वजनाला हलके. पण पोलादाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतके ताठ. फ्रीबर्ग यांच्या सूत्रात हा आकडा घातला, की दीड इंचाच्या पोलादी गजाच्या जागी काचतंतूंचा गज त्याहून जाड का लागतो, हे दहावीच्या वर्गातल्या मुलालाही काढून दाखविता येते.